मागे माणूस बसलेलं असताना

रोज सकाळी गाडी खाली बसलेली असायची. रात्री नीट चार चाकांवर उभी केलेली, आणि सकाळी पाहावं तर पुढचं नाक जमिनीला टेकायला आलेलं. आमचे हे आत बसून किल्ली फिरवायचे, मग खालून कुठूनतरी कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि ती इंचाइंचाने वर उठायची. पूर्ण उठली की हे काचेतून माझ्याकडे असं बघायचे, जणू ह्यांनीच तिला हाताला धरून उभी केली.

"झालं का उठून राणीसरकारांचं?" मी म्हणायचे. "आता चहा घेणार की पेट्रोल?"

ह्यांना हसू यायचं नाही. गाडीची थट्टा ह्यांना खपत नसे. माझी करा, माझ्या माहेरची करा, चालेल.

ही गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगते. हे सव्वीस वर्षं एकाच साहेबांकडे ड्रायव्हर होते. बंगल्याच्या मागे, गॅरेजला लागून दोन खोल्या होत्या, त्यात आमचा सगळा संसार झाला. मग साहेब गेले. मुलगा परदेशातून आला, चार दिवसांत वकील, बँक, दलाल असं सगळं उरकलं आणि बंगला विकायला काढला. जायच्या आदल्या दिवशी त्याने ह्यांना दिवाणखान्यात बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, बाबांची गाडी तुम्हीच ठेवा. तिची किंमत तुमच्याइतकी कोणाला कळणार?"

हे डोळे पुसतच बाहेर आले. मी विचारलं, "आणि पैसे?"

"अगं, हेच पैसे," हे म्हणाले.

सव्वीस वर्षांच्या नोकरीची अशी बोळवण झाली, आणि ह्यांना वाटलं आपला सन्मान झाला. मी त्या दिवशी फार बोलले नाही. माझ्या तोंडाचा पट्टा एरवी कोणाला आवरत नाही, पण डोळे पुसणाऱ्या माणसाला काय सुनावायचं?

गाडी दिसायला अजून देखणी होती, ते मी नाकारत नाही. काळी, लांबलचक, आत चामड्याच्या सीटा आणि चकचकीत लाकडाच्या पट्ट्या. दार नुसतं टेकवलं की उरलेलं आपोआप ओढून घ्यायची. नवी होती तेव्हा तिच्या पैशात आमच्यासारख्यांची दहा घरं उभी राहिली असती. आता ती चौदा वर्षांची झाली होती आणि तिला कोणी एका घराचेही पैसे देईना. पण तिचे सुटे भाग मात्र अजून नव्या गाडीच्याच भावाने मिळत होते. गाडीची किंमत उतरली, तिच्या आजारपणाची उतरली नाही. हे मला पहिल्या महिन्यात कळलं, ह्यांना शेवटपर्यंत नाही.

पहिल्यांदा तिचा कंप्रेसर गेला. चाकांशी स्प्रिंगऐवजी रबराचे फुगे होते, त्यांत हवा भरणारा पंप म्हणजे हा कंप्रेसर. फुग्यांना चिरा पडल्या की हवा निसटते, हवा निसटली की पंप रात्रंदिवस राबतो, आणि राबून राबून जळतो. तो बसवायला माझे चार पगार गेले. मी एका लाँड्रीत इस्त्रीला आहे. हॉटेलांच्या चादरी येतात, दोघींनी दोन टोकं धरून मोठ्या गरम रुळात सोडायच्या आणि पलीकडे दोघींनी घडी घालायची. त्या चार महिन्यांत किती चादरी माझ्या हाताखालून गेल्या आणि त्या सगळ्यांची हवा होऊन एका फुग्यात कशी गेली, याचा विचार मी रुळापुढे उभी राहून करायचे. फुगे मात्र बदलले नाहीत. तेवढे पैसे नव्हते. म्हणून ती बसायची ती बसायचीच.

मग खिडकीची काच दारात पडली. मग बॅटरी एका रात्रीत उतरायला लागली, कारण बंद केल्यावरही आतलं कुठलंतरी यंत्र झोपत नव्हतं. मग गिअर बदलताना मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का बसायला लागला. दरवेळी हे म्हणायचे, "एवढं केलं की झालं, मग दहा वर्षं बघायला नको." आणि दरवेळी आम्ही तिला घेऊन नाइलाजकडे जायचो.

नाइलाज हा गॅरेजवाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे. बॉनेट उघडायचं, आत डोकं घालायचं, बराच वेळ काही बोलायचं नाही आणि मग बाहेर येऊन हात पुसत म्हणायचं, "नाइलाज आहे, वहिनी." त्यानंतर आकडा. त्यावरून सगळा रस्ता त्याला नाइलाज म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. खोटा भाग बसवून खऱ्याचे पैसे घेणाऱ्यातला नव्हता.

एकदा त्याने ड्रायव्हरसमोरच्या काट्यांच्या काचेवरून बोट फिरवलं आणि नखाने काहीतरी खरवडून काढलं. काळ्या चिकटपट्टीचा एक बारीक चौकोन होता. खाली पिवळा दिवा जळत होता.

"हे काय?" त्याने विचारलं.

"साहेबांना तो दिवा दिसला की आवडायचं नाही," हे म्हणाले. "मागून विचारायचे, काय झालं, काय झालं. त्यांच्या डोक्याला आधीच व्याप."

"पण दिवा तुमच्यासाठी असतो की."

"मला कळायचं ना. मी त्यांना सोडून आलो की गॅरेजला आणायचो."

नाइलाज हसायला लागला. मला हसू आलं नाही, कारण मी ह्यांना ओळखत होते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी एकच गोष्ट सांगितली होती म्हणे, मी मागे बसलेलो असताना गाडी थांबता कामा नये. ते हे एखाद्या मुलासारखं पाठ करून बसले. चाक पंक्चर व्हायच्या आधी बदलायचं, पेट्रोल अर्ध्यावर यायच्या आधी भरायचं, आणि जे काही बिघडेल ते मागच्या माणसाला कळू द्यायचं नाही. सव्वीस वर्षांत मागे माणूस बसलेलं असताना ह्यांची गाडी एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. दुसरे लोक मुलांची कौतुकं सांगतात, आमचे हे ही गोष्ट सांगायचे.

ह्यांचा बेत होता की गाडी भाड्याने चालवायची. एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांची ने-आण करायला अशा गाड्या लागतात, असं ह्यांनी ऐकलं होतं. गणवेश कडक इस्त्री करून दिला मी. मालकाचा माणूस बघायला आला तेव्हा नेमकी ती हॉटेलच्या पोर्चमध्ये उभ्याउभ्या खाली बसली. हळूहळू, भर दिवसा, चार दरवानांच्या देखत. तो माणूस सभ्य होता. म्हणाला, "आम्ही कळवू." ते कळवणं अजून यायचंय.

त्या रात्री हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला. महिनाअखेर खोल्या सोडायच्या होत्या, तशी चिठ्ठीच दलालाने दारावर लावली होती. लाँड्रीतल्या माझ्या जोडीदारणीने एक जागा सांगितली होती. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, रबराचा वास यायचा, पण नळ आत होता आणि खिडकी रस्त्यावर होती. टायरवाला भला माणूस वाटला. अनामत रक्कम मात्र एकदम हवी म्हणाला. एवढी रक्कम आमच्याकडे एकाच रूपात होती, आणि ती अंगणात बसलेली होती.

"विका तिला," मी म्हटलं. "चालतीय तोवर विका. उद्या बंद पडली तर लोखंडाच्या भावाने जाईल."

मला वाटलं होतं हे उसळतील. पण हे नुसते भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "बघ गिऱ्हाईक."

तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

जुन्या गाड्या घेणारा एक जण आला. घरातही गॉगल काढायचा नाही, म्हणून आम्ही त्याला गॉगलवाला म्हणायचो. त्याने दोन चकरा मारल्या, वाकून खाली बघितलं. ह्यांनी त्याला सगळं आपणहून सांगितलं, फुगे, बॅटरी, गिअरचा धक्का. मी मागून चिमटा काढला तरी थांबेनात. गॉगलवाला म्हणाला, "काका, तुम्ही गाडी विकताय की तिची तक्रार करताय?" शेवटी जो भाव ठरला त्यात अनामत सुटत होती आणि टेम्पोचं भाडंही. त्याची अट एकच. रविवारी सकाळी गाडी स्वतःच्या चाकांवर त्याच्या अड्ड्यावर यायला हवी आणि त्याच्यासमोर सुरू व्हायला हवी. टायरवाल्याने सोमवारपर्यंत खोली धरून ठेवायचं कबूल केलं.

शुक्रवारी हे तिला शेवटचं म्हणून नाइलाजकडे घेऊन गेले. जायची काही गरज नव्हती. पण लेकीला सासरी पाठवण्याआधी माणूस जसा तिला डॉक्टरकडे नेऊन आणेल, तसे गेले. नाइलाजने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आतच राहिला.

इंजिनच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकची एक नळी असते, तिच्यातून थंड करणारं पाणी फिरतं. इतक्या वर्षांत उष्णतेने ती बिस्किटासारखी ठिसूळ झाली होती. थेंब थेंब गळत होती. नळी स्वस्त, पण तिच्यापर्यंत पोहोचायला अर्धं इंजिन उतरवावं लागतं, आणि भाग यायलाच दोन आठवडे.

"तुम्ही परवा विकताय ना? मग राहू द्या," नाइलाज म्हणाला. "गॉगलवाल्याला सांगा आणि मोकळे व्हा, तो त्याचं बघेल. पाणी भरून ठेवतो. इथून त्याच्या अड्ड्यापर्यंत आरामात जाईल. पण एक सांगतो काका, नीट ऐका. हा लाल दिवा लागला की जिथे असाल तिथे थांबायचं. पुढच्या चौकात नाही, सावलीत नाही, जिथे असाल तिथे. थंड होऊ द्यायची, पाणी घालायचं, काही होत नाही. पण तशीच दामटली तर इंजिन संपलं. मग माझ्याकडे आणूसुद्धा नका."

"हो, हो," हे म्हणाले. "मला काय सांगतोस?"

ह्यांनी गॉगलवाल्याला लगेच फोन करून नळीचं सांगितलं. त्याने थोडे पैसे कमी केले. टेम्पोचं भाडं गेलं, अनामत राहिली. मी म्हटलं, असू दे, सामान हातगाडीवर नेऊ.

शनिवारी दुपारी बाईसाहेब मागच्या पायऱ्या उतरून आमच्या दाराशी आल्या. साहेबांच्या पत्नी. इतक्या वर्षांत त्या आमच्या दाराशी दोन-तीनदाच आल्या असतील. हातात पर्स, पायात बाहेरच्या चपला. बंगला विकल्यावर त्यांचं काय, हे मुलाने ठरवलं होतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक वृद्धाश्रम होता, तिथे त्यांच्यासाठी खोली घेतली होती. मुलाने फोनवर सांगितलं होतं म्हणे, "आई, तिथे बाग आहे."

"चार वाजता या म्हणालेत," बाईसाहेब ह्यांना म्हणाल्या. "त्याने भाड्याची गाडी सांगितलीय. पण मला त्या परक्या गाडीतून नाही जायचं. तू सोडशील का रे मला?"

मी पुढे झाले. "बाईसाहेब, गाडीला लांबचं झेपायचं नाही. तिची तब्येत..."

"सोडतो ना," हे म्हणाले. "तिला काय धाड भरलीय? तुम्ही तयार व्हा."

बाईसाहेब गेल्यावर मी दार लोटलं आणि जे बोलायचं ते बोलले. उद्या विकायचीय ती, म्हटलं. तिच्यावर आपलं छप्पर आहे. ती बाई चांगली आहे, मला मान्य आहे, पण तिच्या मुलाने तुमच्या तोंडाला पानं पुसली आणि तिने हूं की चूं केलं नाही. भाड्याची गाडी येतीय ना? त्यात काय काटे आहेत?

हे बूट पुसत होते. "अगं, शेवटचं विचारलंय त्यांनी. नाही कसं म्हणू?"

"तोंडाने म्हणायचं. जमतं लोकांना."

"डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवतो. दिवा लागला तर थांबेन. झालं?"

"शपथ घ्या."

"घेतली," हे म्हणाले, आणि मला वाटतं, ते खरंच तसं करणार होते.

सामान लावायला तूही चल, असं बाईसाहेब म्हणाल्या, म्हणून मी पुढे ह्यांच्या शेजारी बसले. मागे त्या, दोन बॅगा आणि एक गुंडाळलेली गादी. ह्यांनी गणवेश घातला होता. गाडी वर उठली, फाटकातून बाहेर पडली, आणि बाईसाहेबांनी मागे वळून बंगल्याकडे बघितलं नाही. ऊन रणरणत होतं. अर्ध्या रस्त्यापर्यंत सगळं ठीक होतं. मी तापमानाच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि तो बरोबर मध्यावर उभा होता. मला वाटायला लागलं की उगाचच आकांडतांडव केलं मी.

मोठ्या पुलावर गर्दी लागली. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. काटा हलला. थोडासा, मग अजून थोडा. ह्यांनी एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. "बाहेरची हवा बरी आहे आज," असं मागे म्हणाले. बाहेर धूर आणि धग होती. मग ह्यांनी गरम हवेचं बटण फिरवून पुरतं वर नेलं आणि झोत फक्त आमच्या पायांकडे वळवला. इंजिनची उष्णता आत ओढून घेण्याचा तो ड्रायव्हर लोकांचा शेवटचा उपाय, मला ठाऊक होता. माझ्या पोटऱ्या भाजायला लागल्या. ह्यांच्या कानामागून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला.

पूल उतरता उतरता घंटीसारखा आवाज झाला आणि लाल दिवा लागला.

त्याच क्षणी हे खोकले. मोठ्याने, दोनदा. ह्यांना खोकला नव्हता. साहेबांच्या काळातली ती ह्यांची युक्ती होती, घंटी वाजली की खोकायचं, म्हणजे मागे ऐकू जात नाही.

"अहो," मी म्हटलं.

"हो, हो, पुढून डावीकडेच," हे म्हणाले, जणू मी रस्ता विचारला होता.

"अहो, थांबा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डावा हात गिअरवरून उचलून माझ्या मनगटावर ठेवला. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण चारचौघांत ह्यांनी मला कधी हात लावलेला मला आठवत नाही. मग माझ्या लक्षात आलं की मागचं बघायचा आरसा वर फिरवलेला आहे. त्यात नुसतं गाडीचं छत दिसत होतं.

मी मान वळवून मागे बघितलं. बाईसाहेब खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. आवाज नाही, हुंदका नाही. गालावरून पाणी हनुवटीपर्यंत येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. ह्यांनी त्यांना दिसू नये म्हणून नव्हे, आपल्याला दिसू नये म्हणून आरसा फिरवला होता. मागचं माणूस रडायला लागलं की तसं करायचं असतं, एवढं ह्यांनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं.

अशा बाईला कसं म्हणायचं, की उतरा, रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या धुरात उभ्या राहा, आमची गाडी तापलीय? माझ्यासारखी बाई मूग गिळून बसली, यावर लाँड्रीत कोणी विश्वास ठेवणार नाही. पण मी बसले. खिडकीतून करपलेला गोडसर वास येत होता. गाडी ओढेनाशी झाली होती, हे तिला पुढच्या चढावर नुसत्या इच्छेने वर नेत होते. घंटी पुन्हा पुन्हा वाजत होती आणि हे खोकत होते.

"औषध घे रे खोकल्याचं," बाईसाहेब मागून भरल्या आवाजात म्हणाल्या.

"हो, बाईसाहेब. घेतो."

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही वृद्धाश्रमाच्या पोर्चमध्ये शिरलो. ह्यांनी इंजिन बंद केलं की ते आपणहून बंद झालं, मला सांगता येणार नाही. हे उतरले, मागचं दार उघडलं, बाईसाहेबांच्या डोक्याला लागू नये म्हणून चौकटीवर हात धरला. त्या उतरून दोन पायऱ्या चढल्या आणि आत गेल्या. मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

मी सामान घेऊन त्यांच्यामागे वर गेले. खोलीत एक पलंग, एक कपाट आणि भिंतीकडे उघडणारी खिडकी. बाग होती, पण इमारतीच्या दुसऱ्या बाजूला. पलंगावरची चादर वाईट इस्त्रीची होती, कडा नुसत्या दाबलेल्या. मी ती काढून पुन्हा नीट घातली, कोपरे खोचले. दुसरं काय करणार? बाईसाहेब खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "किती छान घालतेस गं." मी म्हटलं, "रोजचंच आहे."

खाली आले तेव्हा हे आत बसून किल्ली फिरवत होते. कुठेतरी टक् असा आवाज व्हायचा, बाकी काही नाही. दोन्ही कॅन रिकामे होते. पाणी घालून बघितलं होतं, अर्धं पोर्चभर वाहत गेलं होतं. ह्यांनी नाइलाजला फोन लावून माझ्या हातात दिला.

"लाल दिव्यावर किती चालवली?" त्याने विचारलं.

"पुलापासून आश्रमापर्यंत."

तो म्हणाला, "आतलं सगळं वाकलं असेल आणि चिकटलं असेल, वहिनी. नवं इंजिन टाकायचं तर तेवढ्यात अशा तीन गाड्या येतील. मी ओढून न्यायला टोचण घेऊन येतो, पैसे नका देऊ." त्याला माझ्याशी बोलवत नव्हतं. मग गॉगलवाल्याला फोन केला, त्याला बोलवत होतं. तो म्हणाला की सोमवारी माणूस पाठवतो, वजनावर बघू.

ऊन उतरलं तरी आम्ही तिथेच पायरीवर बसलो होतो. गाडी पोर्चमध्ये हळूहळू खाली बसत होती. आश्रमाचा शिपाई दोनदा येऊन सांगून गेला की इथे अँब्युलन्स लागते, गाडी हलवा. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा त्याच्यामागून बाईसाहेब आल्या. खिडकीतून काही दिसत नव्हतं, पण कोणाच्या तरी बोलण्यातून त्यांना कळलं होतं.

"अजून गेला नाहीस?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी गाडीकडे बघितलं. "काय झालं?"

हे उभे राहिले. "काही नाही, बाईसाहेब. जरा गरम झालीय."

"केव्हापासून?"

"आत्ताच."

"पुलापासून," मी म्हटलं. आता मला राहवलं नाही. "पुलापासून लाल दिवा लागला होता. इंजिन गेलं. उद्या विकायची होती, खोलीच्या अनामतीला."

बाईसाहेब ह्यांच्याकडे वळल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, ह्यांना सवय होती.

"मग थांबायचं ना रे वाटेत," त्या म्हणाल्या. "तास, दोन तास थांबलो असतो कुठेतरी. मला इथे पोहोचायची काय घाई होती?"

"मागे माणूस बसलेलं असताना..." एवढंच हे म्हणाले. हे हात पुढे बांधून खाली बघत उभे राहिले. बाईसाहेबांनी पर्स उघडली, आत बघितलं आणि पुन्हा बंद केली. पैशांचे व्यवहार आता मुलगाच बघत होता. शिपायाने त्यांना हलकेच कोपराला धरून आत नेलं, जेवणाची वेळ झाली होती.

मला ह्यांचा राग यायला हवा होता. मी तो शोधला, खरंच शोधला. नुसतं वाईट वाटत होतं. सव्वीस वर्षांत ह्या माणसाला कोणी एकदाही सांगितलं नव्हतं की थांबलास तरी चालेल. आज सांगितलं.

टायरवाल्याला कळवणं भाग होतं, त्याने आमच्यासाठी दुसरी माणसं परत पाठवली होती. मी फोन काढला, पण मला आकडे दिसेनात.

"दे, मी बोलतो," हे म्हणाले. ह्यांनी घसा साफ केला, टोपी नीट केली, आणि साहेब मागे बसलेले असताना जो आवाज लावायचे त्याच आवाजात बोलायला लागले. "नमस्कार साहेब. आम्हाला खोली नको. तुम्ही खुशाल दुसऱ्याला द्या."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"नाही, नाही," हे म्हणाले. "अडचण काही नाही."